मार्टिनी
मार्टिनी : जिन हे ऊर्ध्वपातित मद्य व व्हर्मूथ ही वनस्पतींचा अर्क उतरवलेली द्राक्षमदिरा यांच्या मिश्रणाने तयार होणारे, बर्फावर थंड करून बर्फाविना दिले जाणारे एक अमेरिकन मिश्रपेय (कॉकटेल). लांब दांड्याचा शंकूच्या आकाराचा पेला आणि त्यात लिंबाच्या सालीची पट्टी किंवा खारवलेले हिरवे ऑलिव्ह फळ, ही त्याची सर्वपरिचित बाह्य लक्षणे होत. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र ज्या पेयांस मार्टिनी म्हटले जाते, त्यांपैकी अनेकांत जिनही नसते व व्हर्मूथही नसते; त्याऐवजी सफरचंद, कॉफी, लिची, चॉकलेट यांसारखे स्वाद असतात. मूळ नाव राहिले व घटक बदलले, असे हे स्थित्यंतर आहे. त्याचा बराचसा भाग मद्यगृहांपेक्षा खाजगी घरांत घडून आला, व त्याचा प्रारंभ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दारूबंदीच्या काळापर्यंत (१९२०–३३) मागे नेता येतो. प्रस्तुत नोंदीत मार्टिनीचा सर्वसाधारण इतिहास देऊन तिच्या घरगुती व स्वादयुक्त प्रकारांचा विशेषेकरून विचार केला आहे.

घटक : व्हर्मूथ हे नाव वर्मवुड या कडू वनस्पतीच्या जर्मन नावावरून आले. ही वनस्पती आर्टेमिसिया वंशातील असून महाराष्ट्रात चैत्रात देवाला वाहिला जाणारा दवणा याच वंशातला आहे. इटलीतील तूरिन येथे आंतोन्यो बेनेदेत्तो कार्पानो याने १७८६ मध्ये गोड, तांबूस व्हर्मूथ विक्रीस आणली. फिकट रंगाची व गोडी नसलेली (ड्राय) फ्रेंच व्हर्मूथ झोझेफ न्वाली याने १८१३ मध्ये सिद्ध केली. दोन्हींत मूळ पेय द्राक्षमदिराच असते. तिच्यात मद्यार्क मिसळून तिची तीव्रता शेकडा १५ ते १८ पर्यंत वाढविलेली असते. जिनचा मुख्य स्वाद जूनिपर वृक्षाच्या फळांचा. ही वनस्पती आयुर्वेदात हपुषा या नावाने परिचित आहे. हॉलंडमधील जेनेव्हर या मद्यापासून इंग्लंडात जिन निर्माण झाली. अठराव्या शतकात ती लंडनमधील गरीब वस्त्यांत इतकी पसरली, की १७५१ च्या कायद्याने पार्लमेंटला तिच्या विक्रीस आळा घालावा लागला. त्या काळची जिन खडबडीत असल्याने तीत साखर घालीत. या गोडसर जिनला ‘ओल्ड टॉम’ असे नाव पडले. १८३० मध्ये ईनिअस कॉफी याने अखंड ऊर्ध्वपातनाच्या स्तंभाचे एकस्व घेतले व त्यानंतर स्वच्छ मद्यार्क मोठ्या प्रमाणावर मिळू लागला. परिणामी साखरेने दोष झाकण्याची गरज उरली नाही व ‘लंडन ड्राय’ ही कोरडी जिन प्रचारात आली. दोष झाकण्यासाठी स्वाद घालणे ही या पेयाच्या इतिहासात पुनःपुन्हा आढळणारी गोष्ट आहे.

इतिहास : मद्यात इतर पदार्थ मिसळून पिण्याची चाल अमेरिकेच्या कितीतरी आधीची आहे. आपल्याच किनाऱ्यावर सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे लोक गोव्याकडील अरकात पाणी, साखर, लिंबू व मसाला घालून ‘पंच’ नावाचे पेय करीत. कंपनीचा शल्यचिकित्सक जॉन फ्रायर हा १६७० नंतरच्या दशकात या भागात हिंडला. या नावाचा संबंध त्याने पाच घटकांशी, म्हणजे ‘पंच’ या शब्दाशी जोडला आहे. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नसली, तरी पेय मात्र येथून इंग्लंडात गेले हे निश्चित.

‘कॉकटेल’ या शब्दाची व्याख्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील एका वृत्तपत्राने मे १८०६ मध्ये दिली. तीनुसार मद्य, साखर, पाणी व बिटर्स (कडू वनस्पतींचे अर्क) यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल. पुढे १८६२ मध्ये जेरी टॉमस या बारटेंडरने अशा पेयांच्या कृतींचे पुस्तक छापले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हर्मूथची आयात वाढली आणि व्हिस्की व गोड व्हर्मूथ यांचे ‘मॅनहॅटन’ हे पेय लोकप्रिय झाले. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओ. एच. बायरनच्या पुस्तकात ‘मार्टिनेझ’ नावाच्या पेयाची कृती एका ओळीत उरकलेली आहे : मॅनहॅटनप्रमाणेच करावे, फक्त व्हिस्कीऐवजी जिन घ्यावी. मार्टिनीच्या पूर्वजाची ही नोंद लक्षात घेण्यासारखी आहे; कारण हा पूर्वजच मुळात एका दुसऱ्या पेयातील फेरफार आहे.

टॉमसच्या मृत्यूनंतर निघालेल्या १८८७ च्या आवृत्तीत मार्टिनेझची सविस्तर कृती येते. तीत जिनच्या दुपटीहून कमी नाही एवढी व्हर्मूथ, गोडसर ओल्ड टॉम जिन, चेरीपासून केलेल्या माराश्चिनो या गोड मद्याचे काही थेंब आणि बिटर्स आहेत. पुढच्याच वर्षी (१८८८) हॅरी जॉन्सनने आपल्या पुस्तकात ‘मार्टिनी’ या नावाने जी कृती दिली, तीत जिन व व्हर्मूथ समसमान असून साखरेचा पाक व संत्र्याच्या सालीचे क्यूरासाओ हे मद्यही आहे. म्हणजे प्रारंभीची मार्टिनी गोड, रंगीत व फळांच्या स्वादाची होती. स्वादयुक्त मार्टिनी हा मूळ पेयाचा अलीकडे झालेला बिघाड होय, असे जे मत वरचेवर मांडले जाते, त्याची या कृतींपुढे फारशी मातब्बरी उरत नाही.

नावाविषयी अनेक कथा आहेत. कॅलिफोर्नियातील मार्टिनेझ हे गाव आपल्याकडे या पेयाचे जन्मस्थान असल्याचा मान घेते. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर हॉटेलातील मार्टिनी नावाच्या बारटेंडरला त्याचे श्रेय दिले जाते. पण ते हॉटेल १९०६ मध्ये उघडले आणि नाव त्याआधी १८ वर्षे छापले गेले होते. तूरिनच्या ‘मार्टिनी अँड रॉसी’ या व्हर्मूथ उत्पादक संस्थेवरून नाव आले असावे, ही कल्पना त्यांपैकी सर्वांत साधी व म्हणूनच अधिक संभाव्य वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी कोरडी जिन व फ्रेंच व्हर्मूथ यांची ‘ड्राय मार्टिनी’ पुढे आली. पाक व क्यूरासाओ गळाले. संत्र्याच्या बिटर्सचे थेंब काही काळ टिकले. त्याच सुमारास मार्टिनीत संत्र्याचा रस घालून केलेले ‘ब्राँक्स’ हे पेयही मोठ्या मागणीत होते. एकच पेय एका बाजूने अधिकाधिक कोरडे व दुसऱ्या बाजूने अधिकाधिक फळयुक्त होत होते. अशा वेळी दारूबंदी आली.

दारूबंदी व घरगुती मार्टिनी : अठरावी घटनादुरुस्ती व तिच्या अंमलबजावणीसाठी केलेला व्होल्स्टेड कायदा १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकाभर लागू झाला. त्याने मद्याची निर्मिती, विक्री व वाहतूक यांवर बंदी घातली. मद्यपान हा मात्र गुन्हा ठरविला नाही. बंदीपूर्वी विकत घेतलेला साठा स्वतःच्या राहत्या घरी ठेवण्यास आणि तो कुटुंबीयांस व पाहुण्यांस देण्यास मुभा होती. कायद्यातील या एका तरतुदीने घर हे मद्यपानाचे वैध ठिकाण बनले. वैध साठा अर्थातच लवकर संपला, पण सवय राहिली. आणि घरातील बाटलीत बंदीपूर्वीचे मद्य आहे की कालचे, हे बाहेरून कोणास कळणार?

तोवर अमेरिकेतील मद्यगृह (सलून) हे प्रायः पुरुषांचे स्थान होते. ते बंद झाल्यावर पाहुण्यांसाठी पेय तयार करणे हे यजमानाचे काम झाले व दिवाणखान्यात स्त्रीपुरुष एकत्र बसून ते घेऊ लागले. बारटेंडरचे कसब घरोघरी शिकले जाऊ लागले. पेये मिसळण्याचे धातूचे झाकणबंद भांडे (शेकर), गाळणी, मापे यांची विक्री खुलेपणाने होत असे. भांडे विकण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. विजेवर चालणारे प्रशीतक याच दोन दशकांत मध्यमवर्गीय घरांत येऊ लागले, ही गोष्टही कमी महत्त्वाची नाही. बर्फ हाताशी नसेल, तर मार्टिनी घरी होऊच शकत नाही.

व्हिस्की लाकडी पिंपांत वर्षानुवर्षे मुरवावी लागते. जिनला मुरवण्याची गरज नसते. त्यामुळे बेकायदा मद्यांत जिनला अग्रस्थान मिळाले. औद्योगिक उपयोगाचा मद्यार्क, पाणी, जूनिपरचे तेल व घशाला मऊपणा यावा म्हणून ग्लिसरीन यांचे मिश्रण म्हणजे त्या काळची ‘बाथटब जिन’. हौदात जिन केली जाई असा अर्थ या नावावरून निघतो; पण उंच बाटली स्वयंपाकघरातील मोरीच्या नळाखाली मावत नसल्याने ती न्हाणीघरातील टबाच्या नळाखाली धरून पाण्याने भरीत, त्यावरून ते नाव पडले असे सांगतात. ऊर्ध्वपातनाशिवाय तयार होणारी ही जिन उग्र व तेलकट असे. तिची चव झाकण्यासाठी संत्र्याचा रस, लिंबू, मध, साय, डाळिंबाचे सरबत असे घरात जे असेल ते घालण्याची प्रथा पडली. कोरड्या मार्टिनीत जिनचा दोष लपत नाही, फळांच्या रसात तो लपतो. घरगुती स्वादयुक्त मिश्रपेयांची मोठी लाट आली ती अशी, हौसेपेक्षा गरजेतून.

या गरजेची एक बाजू अत्यंत दुःखद आहे. औद्योगिक मद्यार्कावर कर नसे. तो पिण्यास निरुपयोगी व्हावा म्हणून त्यात मिथिल अल्कोहॉलसारखे विषारी पदार्थ मिसळण्याची तरतूद १९०६ पासून होती. चोरट्या धंद्यातील रसायनज्ञ तो शुद्ध करण्याचा प्रयत्न करीत, आणि शासन मिसळावयाच्या विषाचे प्रमाण वाढवीत असे. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्क शहरात अशी दारू पिऊन अनेक जण दगावले. तरीही १९२७ पासून मिथिल अल्कोहॉलचे प्रमाण आणखी वाढविण्यात आले. शहराचा मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस याने या धोरणावर जाहीर टीका केली. श्रीमंतांना परदेशी मद्य मिळते व विष गरिबांच्या वाट्याला येते, हा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. मिथिल अल्कोहॉलचे शरीरात फॉर्मिक अम्ल बनते व त्याने प्रथम दृष्टी जाते. चव किंवा वास यांवरून ते ओळखता येत नाही, आणि रसात वा पाकात मिसळल्यावर तर मुळीच नाही. जो स्वाद उग्रपणा झाकतो, तोच धोक्याची सूचनाही झाकतो. १९३० मध्ये आल्याच्या औषधी अर्कात मिसळलेल्या एका फॉस्फेट संयुगामुळे हजारो लोकांच्या पायांतील शक्ती गेली. त्यांत बहुतेक गरीब मजूर होते.

बंदीच्या काळात अनेक निष्णात बारटेंडर देश सोडून गेले. त्यांपैकी हॅरी क्रॅडक हा लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात रुजू झाला. त्याच्या १९३० च्या पुस्तकात मार्टिनीचे कोरडी, मध्यम, गोड असे अनेक प्रकार आहेत. ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या घटनादुरुस्तीने बंदी उठली. मद्यगृहे उघडली, तरी संध्याकाळी घरी पेय मिसळण्याची प्रथा मागे पडली नाही. १९३४ च्या ‘द थिन मॅन’ या चित्रपटाचा नायक शेकर कोणत्या नृत्याच्या तालावर हलवावा हे शिकवितो. मार्टिनीसाठी तो वॉल्ट्‌झचा ताल सांगतो. राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये स्वतःच्या हाताने मार्टिनी करीत. नोव्हेंबर १९४३ मध्ये तेहरान परिषदेत त्यांनी स्टालिनला ती करून दिली. त्यांच्या मिश्रणात व्हर्मूथ सढळ असे, व जाणकार पाहुणे त्याविषयी खाजगीत नाक मुरडीत. स्टालिनने ती ठीक असली तरी पोटात गार लागते, असा अभिप्राय दिल्याचे दुभाषा चार्ल्स बोलेन याने नमूद केले आहे.

कोरडेपणाचा आग्रह व व्होडकाचे आगमन : युद्धोत्तर काळात शुद्धतावाद्यांचे राज्य आले. जिन पुन्हा चांगली मिळू लागल्यावर ती झाकण्याऐवजी उघडी दाखविणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. डेव्हिड एम्बरी या वकिलाने १९४८ च्या आपल्या पुस्तकात सात भाग जिनला एक भाग व्हर्मूथ हे प्रमाण सांगितले. इतिहासकार बर्नार्ड डिव्होटो याने १९५१ मध्ये ३.७ : १ हे प्रमाण जवळजवळ धर्मशास्त्राच्या अधिकारवाणीने मांडले व फळांचे रस घालणाऱ्यांचा कडक समाचार घेतला. पुढे हे प्रमाण इतके ताणले गेले, की व्हर्मूथची बाटली केवळ दाखवावी असा विनोद रूढ झाला. या विनोदामागे एक साधे कारणही होते. व्हर्मूथ ही मदिरा असल्याने उघडलेली बाटली हवेने हळूहळू बिघडते. ती थंड जागी ठेवून एकदोन महिन्यांत संपवावी लागते. घरोघरी ती कपाटात वर्षभर पडून असे. अशी विटलेली व्हर्मूथ जितकी कमी तितके पेय चांगले लागणार, हे उघड आहे.

याच शुद्धतेच्या आग्रहातून जिनही गेली, हा इतिहासातील चमत्कारिक भाग होय. व्होडका या वासरहित मद्याचे स्मिर्नॉफ हे नाव वापरण्याचे अमेरिकेतील हक्क ह्यूब्लाइन संस्थेने १९३९ मध्ये घेतले होते. इअन फ्लेमिंगच्या ‘कॅसिनो रॉयाल’ (१९५३) या कादंबरीतील जेम्स बाँड तीन भाग जिन, एक भाग व्होडका व अर्धा भाग किना लिले ही क्विनीनयुक्त मदिरा यांचे मिश्रण मागवितो. पुढील चित्रपटांतून व्होडकाची मार्टिनी आणि ती ढवळण्याऐवजी हलवून घेण्याची लकब जगभर पोहोचली. १९६७ मध्ये अमेरिकेत व्होडकाच्या खपाने जिनला मागे टाकले. व्होडकाला स्वतःचा असा स्वाद जवळजवळ नसतो. तिच्या मार्टिनीत व्हर्मूथही नाममात्र उरली, तेव्हा पेल्यात थंडगार मद्यार्क व पाणी एवढेच राहिले. या रिकाम्या जागेत कोणताही स्वाद भरणे आता सोपे होते.

स्वादयुक्त मार्टिनी : सॅन फ्रान्सिस्को येथे १९७० नंतरच्या दशकात व्होडका, लिंबाचा रस व साखर यांचे ‘लेमन ड्रॉप’ पुढे आले व ते मार्टिनीच्या पेल्यात दिले जाऊ लागले. लंडनमध्ये १९८० नंतर डिक ब्रॅडसेल या बारटेंडरने व्होडका, ताजी एस्प्रेसो कॉफी, कॉफीचे गोड मद्य व साखर एकत्र केली. या पेयाला पुढे एस्प्रेसो मार्टिनी हे नाव मिळाले. स्वीडनच्या ‘ॲब्सोलूट’ने १९८६ मध्ये मिरचीचा व १९८८ मध्ये लिंबाचा स्वाद असलेली व्होडका बाजारात आणली. रशिया, पोलंड व स्कँडिनेव्हियातील घरांत व्होडकामध्ये मिरी, लिंबाची साल, बोरांसारखी फळे, सुगंधी गवत मुरत ठेवण्याची परंपरा फार जुनी होती. कारखान्याने तीच उचलली. लॉस अँजेल्सजवळील वेस्ट हॉलिवुड येथे १९९६ मध्ये हिरव्या सफरचंदाची ‘ॲपल मार्टिनी’ निघाली आणि लंडनमध्ये २००२ मध्ये डग्लस अँक्रा याने पॅशन फ्रूटची मार्टिनी केली. यांत मार्टिनी या शब्दाचा अर्थ घटकांवरून पेल्याच्या आकारावर सरकला. शंकूच्या आकाराच्या पेल्यात थंड करून ओतलेले कोणतेही मिश्रपेय म्हणजे मार्टिनी, अशी नवी व्याख्या व्यवहारात रूढ झाली. भाषेच्या दृष्टीने ही ढिलाई आहे खरी. पण १८८८ च्या कृतीतील पाक व क्यूरासाओ ध्यानात घेता, पेयाच्या दृष्टीने ती घरवापसीही म्हणता येईल.

घरगुती कृतीचे तत्त्व : साध्या मार्टिनीसाठी ६० मि.लि. जिन व १० ते १५ मि.लि. व्हर्मूथ भरपूर बर्फावर सु. अर्धा मिनिट ढवळून गाळून घेतात. या वेळात बर्फाचे पाणी होऊन मिश्रणाचे आकारमान सु. एकचतुर्थांशाने वाढते. पाणी हा मार्टिनीचा न सांगितलेला तिसरा घटक होय. तीव्र मद्यार्कात बद्ध असलेली सुगंधी तेले पाण्यामुळे मोकळी होतात व उग्रता कमी होते; केवळ प्रशीतकात थंड केलेली जिन म्हणूनच तोंडाला बोचते. शेकरमध्ये हलविल्याने पेय अधिक लवकर गार होते, पण हवेचे सूक्ष्म बुडबुडे व बर्फाचे कण यांमुळे गढूळ दिसते. रस, साय वा कॉफी असलेली पेये मुळातच पारदर्शक नसल्याने ती हलवूनच करतात. एस्प्रेसो मार्टिनीवरील फेस त्यानेच येतो.

स्वाद आणण्याची सर्वांत जुनी रीत मुरवण्याची आहे. विकत घेतलेल्या शेकडा ४० तीव्रतेच्या मद्यात साल, फळ किंवा मसाला बुडवून ठेवला, की पाण्यात न विरघळणारी बाष्पनशील तेलेही त्यात उतरतात. येथे सर्व कौशल्य काळाचे आहे. लिंबूवर्गीय फळांची साल दोनतीन दिवस चालते, मात्र तिच्या आतील पांढरा भाग काढून टाकावा लागतो, अन्यथा कडवटपणा येतो. कॉफीच्या बिया सुमारे एक दिवस पुरतात. चहा तासाभरात काढला नाही, तर तुरट होतो. हिरवी मिरची काही तासांतच पुरे. रात्रभर राहिली, तर मद्य वाया गेले असे समजावे. फळांचे तुकडे मद्याच्या पातळीखाली असणे आवश्यक असते, कारण वर उघडा पडलेला भाग कुजतो. तयार अर्क गाळून ठेवतात. आंबट रस घातल्यास त्याच्या तोलास साखरेचा पाक लागतो व मग व्हर्मूथ बहुधा वगळली जाते. या सर्व कृतींत मद्यार्काची निर्मिती होत नाही, फक्त त्यात स्वाद उतरतो. हा भेद महत्त्वाचा आहे. घरी ऊर्ध्वपातन करणे ही निराळी गोष्ट असून ती बहुतेक देशांत बेकायदा आहे.

महाराष्ट्र व गोवा : मुंबई शहरात १९३९ मध्ये दारूबंदी जाहीर झाली, पण ती त्या वेळी टिकली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानंतर १९५० पासून ती संपूर्ण राज्यात अमलात आली. अमेरिकन प्रयोग फसून तोवर सतरा वर्षे झाली होती. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला, परंतु मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील निर्बंध रद्द केले. येथेही मद्यपान खाजगी घरांत शिरले, मात्र निराळ्या रीतीने. परवानाधारकांच्या दिवाणखान्यांत जिन व लिंबू चालू राहिले. सामान्य माणसासाठी ‘आंटीचा अड्डा’ म्हणून ओळखली जाणारी बैठकीची खोली व तिच्यामागे गूळ, सडकी फळे व नवसागर यांची हातभट्टी होती. अमेरिकेत बंदीने घरगुती मिश्रपेयांना चालना दिली. मुंबईत बर्फ, प्रशीतक व व्हर्मूथ ही सामान्यांच्या आवाक्याबाहेरची असल्याने तसे झाले नाही. १९६३ नंतर बंदी क्रमाने शिथिल झाली. विषारी दारूचा धोका मात्र गेला नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथिल अल्कोहॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक लोकांचा बळी घेतला. न्यूयॉर्कप्रमाणेच मृतांत मुख्यतः मजूर होते.

‘बॉम्बे सॅफायर’ ही १९८७ मध्ये निघालेली प्रसिद्ध जिन इंग्लंडात तयार होते. नावापलीकडे तिचा मुंबईशी संबंध नाही. कोकणपट्टीशी खरा संबंध असलेली जिन गोव्यातून २०१७ पासून येऊ लागली. ‘ग्रेटर दॅन’, त्यामागून ‘स्ट्रेंजर अँड सन्स’, आणि हिमालयातील जूनिपरपासून केलेली, संस्कृत नाव धारण करणारी ‘हपुसा’ या त्यांतील विशेष परिचित होत. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला असून तिचीही मिश्रपेये केली जातात. परंतु फेणीचा गंध इतका प्रबळ असतो, की मार्टिनीच्या मापात ती इतर कोणत्याही घटकास उरू देत नाही.

स्थानिक स्वादांत कोकम विशेष अनुरूप ठरते. ऑलिव्ह खारवलेले पाणी थोडे मिसळून केलेल्या मार्टिनीला ‘डर्टी मार्टिनी’ म्हणतात; मीठ घालून टिकविलेले कोकमाचे आगळ हेच काम करते व शिवाय आंबटपणा व रंगही देते. एक चहाचा चमचा पुरतो. त्याहून अधिक घातल्यास सोलकढीची आठवण होऊ लागते. कैरी, गवती चहा, हिरवी वेलची, लिंबाची पाने हेही घरी मुरवता येण्याजोगे स्वाद आहेत. आंब्याचा रस मात्र दाट असल्याने ढवळून नीट मिसळत नाही. तो हलवूनच घ्यावा लागतो. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास व पिण्यास १९४९ च्या त्याच अधिनियमाखालील परवाना आवश्यक असून जिन, व्होडका यांसारख्या तीव्र मद्यांसाठी वयोमर्यादा २५ वर्षे आहे.